चौथं निशाण

अहवाल चाळीस पानांचा होता आणि गवत्यामामांनी त्यातलं फक्त पहिलं पान वाचलं. त्यावर ठळक अक्षरांत लिहिलं होतं: सामना संपल्यावर स्टेडियम रिकामं व्हायला लागलेला वेळ तेवीस मिनिटं, नियमाने मुभा आठ मिनिटांची. खाली सही होती. ती सही मामांनी कुठेही ओळखली असती, कारण शाळेच्या प्रगतिपुस्तकावर बापाची सही चोरून गिरवता गिरवताच पोरीने स्वतःची बसवली होती.

गवत्या हे नाव खेळाडूंनी ठेवलेलं. शहराच्या कडेला, शेवटच्या बसथांब्यापाशी असलेल्या या फुटबॉलच्या मैदानाचं गवत एकतीस वर्षं ज्याने वाढवलं, कापलं आणि वेळप्रसंगी ज्याच्याशी उभं राहून भांडणही केलं, त्याला दुसरं काय म्हणणार? केस पिकले तसं लोकांनी पुढे मामा जोडलं. दक्षिणेच्या स्टँडमागे क्लबाने दिलेल्या दोन खोल्यांत मामा-मामी राहत. लेक तिथेच वाढली. तिने पहिलं पाऊल गोलच्या रेषेवर टाकलं असं मामी सांगायची. मामांच्या मते ते रेषेच्या आत पडलं होतं आणि गोल धरायला हवा होता.

आता तीच लेक महापालिकेत सुरक्षा विभागाची इंजिनियर होती, आणि मैदान हलवायचं की नाही यावरून अख्खं शहर दोन वर्षं भांडत होतं. शहराच्या मधोमध जुन्या बस डेपोची जागा मोकळी झाली होती. तिथे नवं स्टेडियम बांधा, असं एका बाजूचं म्हणणं. माणसं चालत येतील, संध्याकाळी ओस पडणारा तो भाग जागा होईल. दुसऱ्या बाजूचं म्हणणं असं की जे मैदान आपल्या वस्तीने उभं केलं ते उचलून दुसऱ्याच्या दारात नेऊन का ठेवायचं? दोघांचंही थोडंथोडं खरं होतं, आणि अशी भांडणं लवकर मिटत नाहीत. मामांना त्यातलं एवढंच कळत होतं की नव्या स्टेडियमात प्लास्टिकचं गवत असणार. प्लास्टिकच्या गवताला झाडू पुरतो. त्याला गवत्या लागत नाही, आणि गवत्याच्या दोन खोल्याही लागत नाहीत.

म्हणून त्या तेवीस मिनिटांनी त्यांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. आकडा खोटा असता तर राग सोसला असता. आकडा खरा होता. पण तेवीस मिनिटं का लागतात हे शेंबडं पोरही सांगू शकलं असतं, आणि अहवालाखाली सही करणारीला तर ते पाळण्यात असल्यापासून ठाऊक होतं.

त्याचं असं होतं. मैदानाच्या चार कोपऱ्यांत चार निशाणं असतात. मामा नोकरीला लागले त्या वर्षी सामना संपला की पोरंटोरं ती निशाणं पळवायची. म्हणून शेवटची शिट्टी झाली की मामा स्वतः निघायचे आणि चारही निशाणं एकेक करून उपटून काखेत मारायचे. बस दर वीस मिनिटांनी, त्यामुळे घाई कुणालाच नसे. लोक बसल्याबसल्या बघायचे आणि एकेका निशाणाला टाळ्या वाजवायचे. आधी चेष्टेने, मग सवयीने, आणि पुढे पुढे अशा गांभीर्याने की संघ सात गोलांनी हरला तरी पहिल्या निशाणाला टाळी पडायचीच. चौथं निशाण निघेपर्यंत उठायचं नाही, हा या मैदानाचा कायदा झाला. मामांचा गुडघा दुखायला लागला तसा कायदा लांबत गेला. हल्ली चार कोपरे फिरायला त्यांना पंधरा मिनिटं लागत, आणि लेकुरवाळे, म्हातारे हळूच थोडेथोडे आधी सटकले तरी अकरा हजारांतली बाकीची माणसं तेवढा वेळ गप बसून राहत.

रविवारी लेक जेवायला आली तेव्हा मामांनी ताट वाढू दिलं, दोन घास तिच्या पोटात जाऊ दिले आणि मग विचारलं की हे निशाणांचं तू का लिहिलं नाहीस. मामीने डोळ्यांनी खूण केली, पण मामांनी तिकडे कानाडोळा केला. लेकीने घास खाली ठेवला.

"मुद्दामच नाही लिहिलं," ती म्हणाली.

मामांना वाटलं होतं ती नाही म्हणेल, साहेबांवर ढकलेल, विसरले म्हणेल. ही तर सरळ मुद्दाम म्हणाली. आपलेच दात आणि आपलेच ओठ, दुसरं काय.

"लिहिलं असतं, तर सगळे म्हणाले असते, निशाणं झटपट काढा म्हणजे झालं. बाबा, लोक थांबतात म्हणून पूर्वेचा जिना चालतो. थोडे आधीच सटकतात, थोडे बसून राहतात, चौथ्या निशाणानंतरही पाझरल्यासारखे खाली येतात. सगळे एकदम उठले तर तो जिना गर्दी पेलणार नाही. वळणावर तीन माणसं शेजारी मावत नाहीत. अकराव्या पानावर सगळं लिहिलंय मी. पण पहिल्या पानापलीकडे कुणी जात नाही."

"एकतीस वर्षांत कुणाचं नख तरी मोडलंय त्या जिन्यावर?"

"एकतीस वर्षांत सगळे एकदम उठलेत का कधी?"

यावर मामा जरा मोठ्याने बोलले. जिना रुंद करा म्हणाले. ती म्हणाली, दोन्ही बाजूंना स्टँडचे मुख्य खांब आहेत, जिना रुंद करायचा तर अख्खा स्टँड पाडावा लागेल. मामा म्हणाले, तुला आम्हाला इथून उठवायचंच आहे. ती म्हणाली, तुम्ही दोघं माझ्याकडे राहायला या, नवव्या मजल्यावर भरपूर उजेड आहे. मामा म्हणाले, नवव्या मजल्यावर मी काय कापू, तुझ्या नवऱ्याचे केस? मामीला हसू आलं, पण लेक हसली नाही. तिने ताट तसंच ठेवलं, हात धुतला आणि गेली. ते ताट बघून मामांना वाईट वाटलं, आणि वाईट वाटल्याचा आणखी राग आला.

ही गोष्ट सेक्रेटरीच्या कानावर जायला नको होती. पण मामांच्या पोटात काही राहायचं नाही. क्लबाचा सेक्रेटरी हा वाळूतून तेल काढणारा माणूस. निशाणांचं ऐकल्याबरोबर तो टेबलावर हात आपटून उठला आणि त्याने महापालिकेकडून दुसरी चाचणी मागून घेतली. तीन आठवड्यांनी, हंगामातल्या शेवटच्या घरच्या सामन्याला. आठ मिनिटांत स्टेडियम रिकामं झालं तर सुरक्षेचा मुद्दा निकाली निघून मैदान इथेच राहणार. नाही झालं तर डेपोच्या जागेवर शिक्कामोर्तब. तसं लेखीच ठरलं.

सेक्रेटरीची योजना सोपी होती. शिट्टी वाजताच चारही कोपऱ्यांत चार माणसं उभी असतील: मामा, त्यांचे दोन मदतनीस आणि खुद्द सेक्रेटरी. एका दमात चारही निशाणं निघतील. लोकांना भोंग्यावरून आधीच सांगून ठेवायचं की निशाणं निघाली की थेट फाटकाबाहेर. आज टाळ्या नाहीत, आज पाय. मामांनी जिन्याचं काढलं. सेक्रेटरीने विचारलं, तो जिना मंजूर आहे की नाही? आहे. मग तुमच्या लेकीला तुमच्यापेक्षा जास्त कळतं का या मैदानातलं? मामा म्हणाले, नाही. हे म्हणताना त्यांना कुठेतरी बरं वाटलं, हेही सांगायला हवं.

सामन्याच्या दिवशी स्टेडियम काठोकाठ भरलं होतं. जे कधी फिरकत नसत तेही आले होते, आणि खेळाकडे कुणाचं लक्ष नव्हतं. लोक घड्याळं जुळवून बसले होते. संघाने एक गोल केला तेव्हासुद्धा लोक पुरते उठले नाहीत, जणू पाय राखून ठेवायचे होते. मामा पूर्वेच्या कोपऱ्यात उभे होते. तिथून पूर्वेच्या स्टँडचा जिना समोरच दिसे. मैदानाच्या बाजूने तो उघडा होता, नुसता लोखंडी कठडा. अर्ध्यावर वळण, आणि खाली फाटक. इतर तिन्ही स्टँडना रुंद उतार होते. जिना फक्त इथे.

महापालिकेची चार माणसं पिवळी जाकिटं घालून चार स्टँडना उभी होती. पूर्वेला लेक होती. ही जागा तिने मागून घेतली होती असं मामांना मदतनिसाकडून कळलं. ती जिन्याच्या वळणावर, भिंतीला पाठ लावून उभी होती. हातात घड्याळ. तिने एकदा खाली बघितलं आणि मामांनी बुटाची नाडी बांधायला मान खाली घातली. नाडी बांधलेलीच होती.

शिट्टी झाली.

मामांनी निशाण उपटलं. समोरच्या तीन कोपऱ्यांतही निशाणं एकाच वेळी वर गेली, आणि एकतीस वर्षांत पहिल्यांदा एकही टाळी न वाजता अकरा हजार माणसं उठली. बाकांचा एकच आवाज झाला. पश्चिमेचा स्टँड बघता बघता उताराला लागला. उत्तरेचा गोलमागचा भाग दोन मिनिटांत निम्मा झाला. भोंग्यावरून सेक्रेटरीचा भाऊ ओरडत होता, चला, चला, दीड मिनिट झालं, दोन झाली, शाबास, थांबू नका. लोक हसत होते, एकमेकांच्या पाठीवर थापा मारत होते. आपण मैदान वाचवतोय हे प्रत्येकाच्या चालण्यात दिसत होतं. मामांच्या मनात आलं, बघ म्हणावं पोरी, हातच्या काकणाला आरसा कशाला.

मग त्यांनी जिन्याकडे पाहिलं.

खालचा अर्धा जिना मोकळा होता. हे त्यांना आधी कळलंच नाही. मोकळा जिना बघून त्यांना बरंच वाटलं होतं. फाटकातून माणसं बाहेर पडायची थांबली होती. वरचा अर्धा मात्र माणसांनी असा भरला होता की पायऱ्या दिसत नव्हत्या. वळणावर चार-पाच जण एकदम शिरले होते आणि त्यातला एकही पुढे येत नव्हता. त्यांच्यामागे आणखी माणसं होती, त्यांच्यामागे आणखी, आणि सगळ्यात वरचे लोक भोंगा ऐकून, हसत हसत, पुढच्याच्या पाठीवर हात ठेवून रेटत होते. त्यांना खालचं दिसत नव्हतं. कसं दिसणार? त्यांना पुढच्याची मानच दिसत होती.

मामांनी पिवळं जाकीट शोधलं. ते भिंतीला चिकटलेलं होतं. लेकीचा एक हात वर होता, त्यात घड्याळ तसंच होतं. दुसरा हात कुठे होता ते दिसत नव्हतं. तिचं तोंड उघडं होतं, पण ती ओरडत नव्हती. ओरडायला छातीत हवा लागते.

मामा ओरडले. थांबा म्हणाले, मागे व्हा म्हणाले, मैदानात ऐकू जातील असे सगळे शब्द त्यांनी वापरले. भोंगा म्हणाला, सहा मिनिटं झाली, दोन राहिली, आपण जिंकतोय, चला. कठडा मैदानाच्या बाजूला किंचित फुगला. मामा दुखऱ्या गुडघ्याने चार पावलं जिन्याकडे धावले आणि थांबले. खालून एक म्हातारा जाऊन काय करणार होता? रेटा वरून होता. वरच्यांना कुणीतरी थांबवायला हवं होतं, आणि एकतीस वर्षांत या लोकांना थांबवणारी एकच गोष्ट होती. ती त्यांच्या हातात होती.

निशाण पुन्हा रोवलं तर काय होईल हे त्यांना नीट कळत होतं. पुढे लोक म्हणाले की म्हातारा गोंधळला. पण त्या दोन सेकंदांत मामांचं डोकं जितकं स्वच्छ होतं तितकं त्याआधी तीन आठवड्यांत नव्हतं. त्यांना दोन खोल्या दिसल्या आणि मामी दिसली. कोपऱ्यातलं, यंदाच नीट धरलेलं गवत दिसलं. मग ते वळले, कोपऱ्यात गेले, निशाण त्याच भोकात दोन्ही हातांनी रोवलं आणि त्यावर हात ठेवून, स्टँडकडे तोंड करून उभे राहिले. दर सामन्यानंतर उभे राहायचे तसेच.

पहिल्यांदा एका बाईने पाहिलं. सगळ्यात वरच्या रांगेतली. ती वीस वर्षं त्याच बाकावर बसत होती. तिने शेजारच्याला कोपराने ढोसलं. "अहो, निशाण आहे अजून," ती म्हणाली. तो थांबला. त्याच्यामागचा त्याच्यावर आपटला आणि तोही वळून बघायला लागला. बोट दाखवलं गेलं, मान वळली, मग दहा माना वळल्या. भोंगा ओरडत होता, पण त्या आवाजाची सवय त्यांना आजचीच होती, आणि निशाणाची जुनी. वरचे हजार-दीड हजार लोक उभ्याउभ्या थांबले. काही जण चक्क खाली बसले.

रेटा सुटला. वळणावरचे लोक हलेनात, मग एक बाई गुडघ्यांवर खाली आली आणि तिच्यामागून एकेक करत सगळे सुटले. कुणाचा बूट गेला होता, कुणाचा चष्मा. दोन तरुणांनी एका आजोबांना काखेत हात घालून फाटकापाशी आणलं आणि भिंतीशी टेकवून बसवलं. त्यांनी पाणी मागितलं तेव्हा मामांना हायसं वाटलं. लेक भिंतीला धरून हळूहळू बसली, मग उठली. तिने हात हलवला. मामांनी निशाण सोडलं नाही. शेवटची रांग जिन्यावर लागेपर्यंत, थोडे थोडे, पाझरत पाझरत ते सगळे खाली उतरेपर्यंत ते तसेच उभे राहिले. एकूण वेळ झाला सतरा मिनिटं.

पंधरा मिनिटांत सेक्रेटरीच्या खोलीत सगळे जमले होते. लेकीच्या बरगडीला मार होता. ती खुर्चीत न बसता दाराला टेकून उभी होती. दवाखान्यात चल असं मामी दोनदा म्हणाली आणि दोन्ही वेळा लेकीने मान हलवली. सेक्रेटरीने आरडाओरडा केला नाही, यावरूनच तो किती संतापला आहे ते मामांना कळलं. त्याने एक कागद पुढे केला. चाचणी चालू असताना क्लबाच्या कर्मचाऱ्याला चक्कर आली आणि त्याच्या हातून चुकून निशाण परत रोवलं गेलं, असा मजकूर होता. याखाली सही झाली की चाचणी रद्द, नव्या हंगामात पुन्हा. तेव्हा कोपऱ्यात दुसरा माणूस उभा करू, सेक्रेटरी म्हणाला, तुम्ही घरी आराम करा.

मामांनी लेकीकडे पाहिलं. ती काही सुचवेल असं त्यांना वाटलं. ती जमिनीकडे बघत होती. इतके दिवस बोलून झाल्यावर आता ते बापावर सोडायचं, एवढं तिने ठरवलेलं दिसत होतं.

"मला चक्कर आली नव्हती," मामा म्हणाले.

"मामा, विचार करा. घर आहे तुमचं इथे."

"केला. शुद्धीत होतो मी. जिना गर्दी पेलत नाही. लोकांना बसायला कुणी लावलं नसतं तर आज तिथून माणसं उचलावी लागली असती. हे लिहा, खाली मी सही करतो. दुसरं काही लिहिलंत तर सगळीकडे जाऊन सांगेन, खोटं आहे म्हणून."

सेक्रेटरीने मग कोरा कागद घेतला आणि सांगितलं तसं लिहिलं, कारण तोही काही वाईट माणूस नव्हता; त्याने जिना पाहिला नव्हता इतकंच. मामांनी सही केली. मामीने विचारलं, खोल्या कधी सोडायच्या? कुणालाच माहीत नव्हतं. लेक पुढे झाली आणि तिने बापाच्या दंडाला धरलं. धरताना तिला कळ आली, तरी सोडलं नाही. तिला गाडीत बसवून मामी तिच्याबरोबर दवाखान्यात गेली आणि मामा फाटक लावायला थांबले.

बसथांब्यावर अजून गर्दी होती. मामांना येताना बघून लोक बोलायचे थांबले. काहींनी तोंड फिरवलं. लेकीसाठी मैदान विकलं, असं कुणीतरी हळूच म्हणालं. इतकंही हळू नाही. मामा कुलूप लावत राहिले. त्यांना वाटलं होतं, निदान पूर्वेच्या स्टँडचे लोक तरी समजतील.

एक जण पुढे आला. पूर्वेच्या स्टँडचाच, वीस-बावीस वर्षं येणारा. हातगाडीवर चाव्या बनवायचा म्हणून त्याला सगळे चावीवाला म्हणत. त्याच्या शर्टाची बाही फाटली होती. उघड्या दंडापासून गळ्यापर्यंत कठड्याचा लाल वळ उठला होता, बोटाएवढा जाड, आणि तो त्यावरून हात फिरवत होता, डास चावल्यासारखा. त्याचे डोळे भरले होते.

"मामा, असं का केलंत हो?" तो म्हणाला. "होत आलं होतं सगळं. दोन मिनिटं राहिली होती. दोनच मिनिटं."

मामांनी त्या वळाकडे पाहिलं. सांगावंसं खूप वाटलं. पण बस आली होती, लोक चढत होते, आणि चावीवाला जिवंत, धडधाकट, त्यांच्यावर रागावून समोर उभा होता.

"हो," मामा म्हणाले. "दोनच मिनिटं."